लायसन देशाचं, धाक एजंटाचा!

काल चहाच्या टपरीवर ओळखीतला एक पोरगा भेटला. पाच वर्षं गोव्यात नोकरी केली, लायसन तिकडचंच. आता कायमचा घरी आलाय. एजंटाने त्याला सांगितलं, "गोव्याचं लायसन इथे चालत नाही. नवीन काढावं लागेल, टेस्ट होईल. चार हजार दे, बाकी मी बघतो."

मित्रांनो, ही सरळसरळ फसवणूक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३ वाचा. कुठल्याही राज्यात काढलेलं लायसन अख्ख्या भारतात चालतं. राहायची जागा बदलली तर सारथी पोर्टलवर पत्ता बदलायचा अर्ज करा, नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. त्यासाठी टेस्ट नाही. टेस्ट कधी? लायसनची मुदत संपून वर्ष उलटलं तर, किंवा नव्या प्रकारचं वाहन त्यावर चढवायचं असेल तर. राज्य बदललं म्हणून नाही!

उलट जुनं चालू असताना दुसरं लायसन काढणं हाच कलम ६ चा भंग. म्हणजे पैसे देऊन गुन्हेगार व्हायचं.

हा गोंधळ येतो गाडीच्या नियमातून. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की एनओसी आणून नंबर बदलावा लागतो. गाडीचा हा नियम एजंट माणसाच्या माथी मारतात आणि आपण मान डोलावतो.

आता काही जण म्हणतील, "बाहेरून आलेल्यांची परत टेस्ट घेतली तर बिघडलं कुठे? रस्ते सुरक्षित होतील." अहो, सीमा ओलांडली म्हणून कुणी गाडी चालवायला विसरतो का? खरा प्रश्न पहिल्या टेस्टचा आहे. माझी स्वतःची दोन मिनिटांत उरकली होती. मैदानात एक आठ काढला, झालो पास. घाट नाही, रात्र नाही, पावसाळा नाही. तुमची किती मिनिटं चालली, छातीवर हात ठेवून सांगा.

पहिलीच टेस्ट कडक घ्या, मग तो पोरगा पणजीहून येवो नाहीतर पाटण्याहून. तीच ढिली ठेवून दुसरी मागणं म्हणजे एजंटाला दुसरं गिऱ्हाईक मिळवून देणं.

त्या पोराला मी कलम १३ कागदावर लिहून दिलं. तुम्हीही लिहून ठेवा. कुणी पैसे मागितले तर एवढंच विचारा, "कुठल्या नियमाने? लेखी द्या."