कादंबरीतला डॉक्टर आणि धारवाडचा डॉक्टर

आमच्या निपाणीकडे कोणी थोडा वेगळा वागू लागला, की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "याला धारवाडला न्यायला पाहिजे." त्यावर सगळे हसतात. धारवाड म्हणजे बेंद्र्यांचे गाव, जी. ए. कुलकर्ण्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले ते गाव, विद्यापीठाचे आणि पेढ्याचे गाव. पण थट्टेत मात्र ते फक्त वेड्यांच्या इस्पितळाचे गाव! मीही हसणाऱ्यांपैकीच होतो. घरातल्याच माणसाला तिकडे न्यायची वेळ आली, तेव्हा हसू आटले.

हे आज लिहायचे कारण निराळे आहे. आपल्या कॉलेजातली बरीच मुले-मुली सध्या एका विशिष्ट धाटणीच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यांत उद्याचे भयंकर जग असते आणि तिथले सरकार माणसाच्या मनावरच ताबा मिळवते. ही कल्पना जुनी आहे. हक्स्लेच्या १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये लोकांना दुःख झाले की 'सोमा'ची गोळी मिळते. लोइस लॉरीच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) वयात येणाऱ्या मुलांच्या भावना रोजच्या गोळीने दाबल्या जातात. सुझान यंगच्या 'द प्रोग्राम'मध्ये (२०१३) तर तरुणांत आत्महत्येची साथ पसरलेली आहे. जो उदास दिसेल त्याला उचलून नेतात आणि त्याच्या आठवणीच पुसून परत पाठवतात. म्हणून मुले आईबापांसमोर रडतसुद्धा नाहीत.

मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याने हे शेवटचे पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. खोटे कशाला बोलू? ते मनाला भिडले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी डेबिट-क्रेडिट समजत होते, पण ते इंग्रजीतून सांगता येत नव्हते. तेव्हा मीही खोलीचे दार लावूनच रडलो होतो. 'तुला काय झालंय रडायला? फी भरतोय ना आम्ही!' हे ऐकावे लागू नये म्हणून. दुःख लपवायला लावणारे जग या लेखकांनी अचूक ओळखले आहे. त्यासाठी भविष्यकाळात जाण्याची गरज नव्हती, आमच्या गल्लीत आले असते तरी चालले असते!

तरीही या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांत उपचार म्हणजे कट, गोळी म्हणजे बेडी आणि पांढऱ्या कोटातला माणूस म्हणजे खलनायक. ज्या वाचकाच्या शेजारी, नात्यात कोणीतरी उपचार घेऊन बरे झालेले असते, तो ही केवळ गोष्ट आहे असे समजून पुस्तक मिटतो. आमच्याकडे दुसरी बाजू सांगणारा कोण आहे? इथे भीती आधीच घरात पाट मांडून बसलेली असते.

माझ्या चुलतभावाचे उदाहरण देतो. दादा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत असे. हळूहळू त्याची झोप गेली, बोलणे थांबले, आकडे चुकू लागले. घरच्यांनी आठ महिने अंगारे-धुपारे केले. डॉक्टरचे नाव काढले की काकू म्हणत, "शॉक देत्यात, गोळ्या घालून माणूस लाकूड करत्यात." काकूंनी हक्स्ले वाचलेला नव्हता, पण भीती तीच!

शेवटी धारवाडला गेलो. कन्नड येते म्हणून दुभाषा मी. डॉक्टरांनी विचारले, "निद्दी बरतदेनु?" झोपेचे सांगता आले. पण दादा म्हणाला, "कशात जीव लागत नाही," आणि हे कन्नडात कसे सांगावे ते मला सुचेना. मी अडखळलो, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "असू दे, त्यांना मराठीतच बोलू दे. मला समजते." दादा त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पाच मिनिटे सलग बोलला. त्याच्या आठवणी कोणी पुसल्या नाहीत. आज तो पुन्हा हिशेब लिहितो. गोळ्या चालू आहेत, कधी कधी सुस्तीची तक्रारही करतो. चमत्कार झाला नाही, उपचार झाले.

मग अशा पुस्तकांवर बंदी घालावी का? मुळीच नाही. गटेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ साली आली. ती वाचून तरुण जीव देतात या भीतीने लाइपझिगमध्ये १७७५ साली तिच्यावर बंदी घातली गेली. बंदी विस्मरणात गेली, वेर्थर मात्र आजही वाचला जातो. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर नावेची बाजू खोडून ताळेबंद जुळत नाही. जमेची बाजूही लिहावी लागते.

मराठीत ती कोणी लिहिलीच नाही असे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ साली आला. त्यात स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष उभा केला तो बेळगावातच जन्मलेल्या अतुल कुलकर्णी यांनी. याच जोडीच्या 'कासव'ने (२०१६) नैराश्यात बुडालेल्या तरुणाची गोष्ट सांगितली आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवले. दोन्हींत आजारी माणूस माणूसच राहतो. पण हे झाले चित्रपट. विशीतल्या वाचकाच्या हातात ठेवावीत अशी पुस्तके मराठीत आणि कन्नडात किती आहेत, हे आपण आपल्याच ग्रंथालयात जाऊन पाहावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि कन्नडातही बोलता येते. हा क्रमांक फलकावर लावायला कितीसा खर्च येतो? आणि प्राध्यापकांना नम्र विनंती : हजेरीत सतत गैरहजर दिसणाऱ्या मुलाला दंडाआधी एकदा 'झोप लागते का रे?' असे विचारावे.

आपल्या या अंकाला दोन विभाग आहेत. पुढच्या वर्षी दोन्हींत कोणीतरी धारवाडच्या वाटेची खरी गोष्ट लिहावी. म्हणजे कट्ट्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आले, तर निदान एखादा तरी न हसता म्हणेल, "चल, मी येतो बरोबर."

— बी.कॉम. द्वितीय वर्ष