नकाशा घरात आणा, बाईचा पत्ता बाहेर नको

मैत्रिणींनो, नकाशावरचा एक ठिपका बाईच्या जिवावर बेतू शकतो, हे मला एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात नाही, आमच्याच संघटनेच्या बैठकीत कळलं.

आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदी आता संगणकावर असतात. एका तक्त्यात बाईची माहिती, दुसऱ्यात तिची तक्रार, तिसऱ्यात पुढे काय केलं ते. तिन्ही केस नंबरानं एकमेकांना बांधलेले. कुठल्या गावांपर्यंत आपण पोचलोच नाही, हे बघायला या नोंदी नकाशाला जोडायचं ठरलं. हेतू चांगलाच होता. नकाशा तालुक्याच्या बैठकीत भिंतीवर लागला. एका छोट्या वाडीवर एकच ठिपका होता. मागं बसलेली एक बाई हळूच म्हणाली, “ही तर मीच.” नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. नकाशा आम्ही तिथल्या तिथं उतरवला.

तेव्हापासून मी आधी विचारते, जोडणीत कुठली माहिती कुणाकडे जाते? नकाशा पुरवणाऱ्या सेवेला पत्ते पाठवले की ठिपके झटकन मिळतात. पण घर सोडून आलेल्या बाईचा पत्ता मग परक्या संगणकात जातो.

दुसरा रस्ता आहे. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये बाहेरची माहिती ‘परका तक्ता’ म्हणून जोडायची सोय २०११ पासून आहे. माहिती तिच्या जागी राहते, आपण इथून वाचतो. पण यातही मेख आहे. अमुक गावाबद्दल विचारलं, की अनेकदा तो प्रश्नच पलीकडच्या संगणकाकडे जातो. नुसत्या प्रश्नावरूनही गाव कळतं! म्हणून गावांच्या हद्दींची, ओपनस्ट्रीटमॅपवरच्या रस्त्यांची, दवाखान्यांची अख्ख्या जिल्ह्याची फाईल आधी उतरवून घ्यावी आणि जोडणी आपल्याच संगणकावर करावी.

जोडायचं तेही घर नव्हे, गाव. आणि नावानं नको. वडगाव, पिंपळगाव कितीतरी आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, तो वापरावा. बाहेर दाखवताना तालुक्याची बेरीज द्यावी, आणि ती अगदी लहान असेल तर तीही झाकावी.

काहीजणी म्हणतील, ठिपके दाखवल्याशिवाय अधिकारी हलत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांसाठी भांडताना पुरावा लागतोच, हे मलाही मान्य आहे. पण तालुक्याचा आकडा हाही पुरावाच आहे. त्यासाठी कुणाचं दार दाखवायची गरज नाही.

बाई आपल्याकडे विश्वासानं बोलते. संगणकात गेली तरी ती नोंद तिचीच असते. आपल्या नोंदींतून बाहेर काय जातं, हे पुढच्या बैठकीत एकदा सगळ्याजणी मिळून तपासूया का?