रेडिएटरमधलं रसायन औषधात

पाण्यात काहीही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. विरघळलेले रेणू मध्ये आले की पाण्याच्या रेणूंना बर्फाची चौकट बांधणं अवघड जातं. मिठाने हे होतं, साखरेनेही होतं. लडाखच्या थंडीत ट्रकचं इंजिन तडकू नये म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट ओततात, त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं की ते उणे ३५ अंशांनाही गोठत नाही. गाडीसाठी उत्तमच.

कूलंटचा हिरवा-गुलाबी रंग वरून घातलेला असतो. मूळ ग्लायकॉल आणि त्याचं भावंड डायएथिलीन ग्लायकॉल, दोन्ही रंगहीन, दाटसर, चवीला गोड. सिरपमध्ये चालणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलपासून ती नजरेने वेगळी ओळखता येत नाहीत. शिवाय स्वस्त. म्हणूनच औषध कारखान्यात आलेल्या पिंपावरच्या लेबलवर विश्वास ठेवणं जिवावर बेततं. हे रसायन पोटात गेलं की आधी उलट्या होतात, मग लघवी कमी होत होत थांबते, मूत्रपिंडं निकामी होतात.

हे आपल्याला आज कळलेलं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि तिथला औषध कायदा बदलला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपुरात आणली होती. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का.

संताप यावा अशी गोष्ट पुढेच आहे. गांबिया आणि उझबेकिस्तानात भारतीय सिरपशी जोडल्या गेलेल्या बालमृत्यूंनंतर, १ जून २०२३ पासून, निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या दुकानांत जाणाऱ्या बाटल्यांना ही सक्ती तेव्हा लावली नाही. परदेशातल्या मुलासाठी जी चाचणी होऊ शकते, ती छिंदवाड्यातल्या मुलासाठी का होऊ नये? प्रत्येक पिंपाची तपासणी कारखान्याने करावी असा नियम आहेच; ती झाली की नाही हे बघणारे निरीक्षक हवेत, आणि त्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांना जाब विचारायला हवा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या प्रत्येक सिरपचे बॅचनिहाय अहवाल जाहीर करावेत, म्हणजे बाटली हातात घेतलेल्या आईला बॅचचा क्रमांक तिथल्या तिथे पडताळता येईल.