रसग्रहण की आरती?

आपल्या मंडळींना न रुचणारे लिहीत आहे, म्हणून आरंभीच क्षमा मागून ठेवतो. सौंसर-पांढुर्ण्याकडील आपल्या घरांतून मराठी कवितेवर जे लेखन होते, ते बहुतांशी समीक्षण नसून आरती असते. जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीपुढे हात जोडणे उचितच. कविता मात्र प्रश्न विचारल्यावाचून बोलत नाही.

अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांचा एक गठ्ठा मजकडे तपासण्यास आला. विषय, बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेचे रसग्रहण. जवळजवळ प्रत्येकाचा आरंभ कवीच्या जन्माने (१८९०) आणि शेवट भादली स्थानकाजवळ १९१८ साली आगगाडीखाली ओढवलेल्या मृत्यूने. मध्ये 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' इत्यादी. कविता अवघी आठ ओळींची. परंतु तिच्यातील एका शब्दाचाही विचार नाही! झाड उदास का, तर कवी अल्पायुषी म्हणून. पुढे येणारा मृत्यू कवीला लिहिताना ठाऊक होता की काय?

माझी हयात महसूल खात्यात गेली. शेताच्या हद्दीचा तंटा आला की आम्ही आधी मोक्यावर जात असू. वादीचा कुळवृत्तान्त नंतर. निबंधाचा मोका म्हणजे मूळ कविता. तेथे नजर झऱ्यासोबत निघते, चिमुकल्या गावावरून, मळ्यांतून, पायवाटेने सरकत डोहाशी थांबते. निळा, हिरवा, पांढरा हे रंगही अखेर काळ्याशी येऊन ठेपतात. आणि त्या काळिम्याला कवी 'गोड' म्हणतो! झाड केवळ उदास असेल, तर ही गोडी कोठून आली? शेवटी 'असला' म्हणून तो बोट कोणाकडे दाखवतो?

हे प्रश्न ज्याला पडले, त्याला निबंध सापडला. मग त्याने असे विधान करावे की ज्याला कोणी हरकत घेऊ शकेल. उदाहरणार्थ, ही कविता उदासीची नसून विसाव्याची आहे. बाजूचे शब्द मांडावेत, विरुद्ध जाणारेही मांडावेत. पाण्यावर पसरलेले झाकोळ या विधानाच्या आड येते. ते लपवणे म्हणजे मिसलीतून प्रतिकूल साक्ष काढून टाकणे होय. चरित्र हवेच असेल तर त्यानंतर, तेही जपून.

यावर आपल्यातील ज्येष्ठ म्हणतात, चिरफाडीने रस मरतो. १९५६ नंतर हिंदी राज्यात मराठी कशीबशी राखली, तिच्यावर आता शस्त्र नको. या भयाने आपण भाषा देव्हाऱ्यात बसवली आणि नातवंडे हिंदीत विचार करू लागली. आपल्यासारख्याच मराठी घरातले, १९१७ साली श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत गेले. प्रसादांच्या पूज्य 'कामायनी'पुढे ते हात जोडून राहिले नाहीत. 'कामायनी : एक पुनर्विचार' (१९६१) लिहून तिच्याशी वाद घातला. 'कामायनी' त्याने लहान झाली नाही. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत राहिले; त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथास १९७९चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. चिरफाडीचे भय या घरात कोणालाच नव्हते.

त्या गठ्ठ्यात एका मुलीने समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'झाड पाण्यात पाय टाकून बसले, म्हणजे ते दमले होते का?' पुढे तिने ते खोडलेही होते. मी तिला सर्वांत अधिक गुण दिले. तिच्या गुरुजींना ते अद्याप मान्य नाही.