बायोलॉजी घेतलं म्हणजे डॉक्टरच व्हायचं का?



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक ठरलेला संवाद होतो. "बायोलॉजी घेणार? म्हणजे नीट देणार!" आणि नीटमध्ये गुण कमी पडले, की "दोन वर्षं वाया गेली" असं म्हणून आपण मोकळे होतो. इथेच आपली गल्लत होते. जीवशास्त्राचा रस्ता जसा दवाखान्याकडे जातो, तसाच तो जंगल, माळरान, नदी आणि समुद्रकिनारा राखण्याच्या कामाकडेही जातो. या कामाचंही एक शास्त्र आहे. त्याला संवर्धन विज्ञान म्हणतात.

"म्हणजे झाडं लावा, प्राणी वाचवा, एवढंच ना?" असं कुणी विचारेल. तर गिधाडांचं उदाहरण बघा.

पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. 1990 नंतर ही गिधाडं झपाट्याने दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून जास्त घटली. आधी वाटलं, एखादा रोग असेल. पण पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन झालं, तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली. 2004 साली कारण जगासमोर आलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी ते बंद केलं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेलं औषध चाचण्या करून पुढे आणलं गेलं.

यात कोण कोण लागलं, ते मोजा. वर्षानुवर्षं पक्षी मोजणारे, पशुवैद्य, औषधाचा अंश तपासणारे, आकडेवारी मांडणारे. प्राण्यांबद्दलचं प्रेम हवंच, पण नुसत्या प्रेमाने हे कारण सापडलं नसतं.

मग शिकायचं कुठे? बारावी सायन्सनंतर प्राणीशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्रात बीएस्सी करता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे. पशुवैद्यकाचा मार्ग आहेच. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीव विज्ञानात एमएस्सी होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही असा अभ्यासक्रम आहे. वनखात्यात जायचं असेल, तर यूपीएससी आणि एमपीएससीच्या वनसेवा परीक्षा आहेत.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा रस्ता सोपा नाही. जागा थोड्या असतात. सुरुवातीला बरीच कामं प्रकल्पापुरती असतात, पगार बेताचा असतो. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. उन्हातान्हात फिरावं लागतं आणि संध्याकाळी आकडे भरत बसावं लागतं. म्हणून मुलाला गणिताचा, संख्याशास्त्राचा कंटाळा येऊ देऊ नका. हे सगळं माहीत असूनही मूल म्हणालं, "मला हेच करायचंय," तर त्याला वेड्यात काढू नका.

आणि शिक्षक मित्रांनो, आपण प्राथमिकचे शिक्षक आहोत, करिअर वगैरे पुढचं पुढे, असं म्हणून चालणार नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना पटांगणात न्या. मी चौथीच्या मुलांना साधी निरीक्षण वही देते. तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, किती. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं. महिन्याच्या शेवटी त्याच आकड्यांवर 'चित्ररूप माहिती' हा गणिताचा घटक घ्यायचा. वेगळा वेळ लागत नाही आणि खर्च एका वहीचा. शास्त्रज्ञही सुरुवात इथूनच करतात: बघायचं, मोजायचं, लिहायचं.

वर्गात एखादं मूल फळ्याऐवजी खिडकीबाहेरच्या घरट्याकडे बघत बसतं. त्याला "लक्ष कुठंय तुझं?" असं दटावण्याआधी एकदा विचारून तर बघा, "काय दिसलं रे तुला?"