गोळीचा हिशेब जनतेसमोर मांडा!

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जीव घेतले. अधिकारी सत्र न्यायालयात दोषी ठरायला २००९ साल उजाडले. ६ जानेवारी २०१३ ला आमच्या धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, सहा मुस्लिम तरुण गेले. 'ते आपले नव्हेत' म्हणणाऱ्या बांधवांनी रमाबाई नगर आठवावे.

२३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, की पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी झालीच पाहिजे. शिवाय अशा सर्व मृत्यूंचे विवरण पोलीस महासंचालकांनी दर सहा महिन्यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला पाठवले पाहिजे. पण कागद दिल्लीला गेला म्हणून धुळे-जळगावच्या आईला काय कळणार? हे विवरण जिल्हावार जाहीर करा, ही आमची मागणी आहे. तोवर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, बस्स!

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जमतोच. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात वकील म्हणून आले होते, त्याची ती आठवण. यंदा तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही अर्ज लिहून देण्याचे टेबल मांडणार आहोत. तिकीट सोबत आणा.