जेट्टीवरच्या खांबांना आरसीसीबी कधी बसणार?

प्रति,
जलाशयावरील बोट-जेट्टीचे व्यवस्थापन

जेट्टीला लागलेली बोट खांबावरून २३० व्होल्टची वीज घेते. केबल एकच, तिच्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. ती उन्हात तडकते, पाण्यात लोंबते, प्लगमध्ये ओल शिरते. अर्थिंगची तार तुटली तरी बोटीवरचे काहीच बंद पडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे चार्जरमधून वीज गळू लागली की ती शाफ्ट आणि पंख्यावाटे पाण्यात उतरते.

वारंवार दिलेल्या तक्रारींना एकच उत्तर मिळाले: प्रत्येक खांबावर १६ अँपिअरची एमसीबी आहे. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचे स्नायू साधारण १० मिलिअँपिअरला आखडतात, ३० च्या पुढे श्वास अडखळू लागतो आणि १०० च्या आसपास हृदय बंद पडू शकते. २३० व्होल्टवर १०० मिलिअँपिअर म्हणजे अवघा २३ वॅटचा दिवा. तेवढ्याने ही एमसीबी कधीच पडणार नाही. ती तार जळू नये म्हणून असते, आणि त्यासाठी ती हवीच. माणसासाठी लागते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती ताडून पाहते, ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच वीज तोडते. हे उत्तर देणाऱ्यांना एवढा फरक ठाऊक नसेल, तर वीजपुरवठा त्यांच्या हाती असणेच धोक्याचे आहे.

खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असते, म्हणून तिथे बराचसा प्रवाह माणसाला वगळून जातो. गोड्या पाण्यात नेमके उलटे घडते. हा जलाशय गोड्या पाण्याचा आहे आणि जेट्टीलगत मुले पोहतात. स्नायू आखडलेला पोहणारा बुडतो. अंगावर बहुधा खूण राहत नाही, नोंद ‘बुडून मृत्यू’ अशी होते. वाचवायला उडी घेणाराही त्याच पाण्यात सापडतो.

मरिनांसाठीच्या आयईसी ६०३६४-७-७०९ या मानकात प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचे संरक्षण सांगितले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनेही २०२० च्या आवृत्तीत बोटींच्या सॉकेटसाठी हीच मर्यादा ठेवली.

प्रत्येक सॉकेटला आरसीसीबी बसवावी, तिचे टेस्ट बटण दरमहा दाबून पाहावे आणि अर्थिंग मोजून आकडे जेट्टीवर लावावेत. तोपर्यंत खांबांची वीज बंद ठेवावी.